ड्रायव्हरच्या हातापायांचा हिशेब

शीव सोडून कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड करीत ठाण्याकडे जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे आपला जुना आग्रा रोड. या रस्त्याने किती टन माल गेला, याचे हिशेब ठेवले गेले. तो माल नेताना ड्रायव्हरला क्लच किती वेळा दाबावा लागला, ते मात्र कुणी मोजले नाही.

याच रस्त्यावरच्या कुर्ल्यात, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात, डॉज आणि फार्गो ट्रक तयार होत. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीज ट्रक आले. पण पुष्कळदा कारखान्यातून बाहेर पडे ती केवळ उघडी चॅसी. केबिन बांधत ते बॉडीवाले मिस्त्री. लाकडाचा सांगाडा, वर पत्रा, बसायला फळी आणि गादी. गाडी घेणार मालक, बांधणार मिस्त्री. मालकाचे लक्ष मागच्या हौद्यावर. चालवणाऱ्याचे मत विचारायची रीत नव्हती.

त्या केबिनमधले काम कसे असे? जुन्या गिअरबॉक्समध्ये खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा आणि मधल्या क्षणात अ‍ॅक्सिलरेटर देऊन इंजिनाचा वेग जुळवायचा. पॉवर स्टिअरिंग नव्हते, त्यामुळे भरलेली गाडी वळवायची ती खांद्याच्या जोरावर. इंजिनाची धग पायाशी. डावी बाजू पाहायची क्लीनरने आणि पत्र्यावर थाप मारून सांगायचे. मुलुंडच्या जकात नाक्यावर रांग लागली की गाडी चार हात सरकायची, पुन्हा थांबायची. ही जकात १ जुलै २०१७ रोजी संपली.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरवून दिले. कायद्याने तास मोजले. त्या तासात शरीराचे काय होते, ते मोजले नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत असाच प्रश्न आला होता. बी-१७ विमान उतरल्यावर वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चुकून चाकेच आत घेत. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तर दोन्ही दांडे जवळजवळ आणि दिसायला सारखे. त्याने एका दांड्याला चाकासारखी मूठ सुचवली, दुसऱ्याला पाचरीसारखी. वैमानिक तेच राहिले, चुका थांबल्या.

आपल्याकडे हा विचार उशिरा पोचला. सहज पडणारे गिअर आले, पॉवर स्टिअरिंग आले. २००९ मध्ये टाटांच्या प्रायमाने कारखान्यात घडवलेली आधुनिक केबिन दिली. काही ट्रकमध्ये आता क्लचचे पेडलच नसते. २०२५ पासून साडेतीन टनांवरील नव्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. जुन्या गाड्या मात्र आजही तशाच धावताहेत. आणि नव्या केबिनमध्ये पडदे, दिवे, सूचनांचे आवाज वाढत गेले, तर पायाचा भार उतरून डोळ्यांवर चढेल. सोपी केबिन म्हणजे सामानाने भरलेली केबिन नव्हे. हात न शोधता जिथे जातो तिथे हवी ती वस्तू असणे, हा खरा सोपेपणा.

अपघाताच्या बातमीत आपण एक ठरलेले वाक्य वाचतो : ‘चालकाचा ताबा सुटल्याने’. ताबा कशाकशावर ठेवायला त्याला सांगितले होते, हेही त्या वेळी विचारायला हवे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)