बागलाणचें राज्य : देश, लोक व राज्यव्यवस्था

साक्रीहून पिंपळनेरास जाऊन पुढें सेलबारीची खिंड दक्षिणेस उतरलें, म्हणजे प्रवासी मोसम नदीच्या खोऱ्यांत येतो. आज त्यानें धुळें जिल्हा सोडून नाशिक जिल्ह्यांत पाऊल टाकलेलें असतें. इ. स. १६३८ पूर्वीं मात्र तो एका लहान पण स्वतंत्र देशाच्या गाभ्यांत शिरला असता. तो देश म्हणजे बागलाण. हें नांव आतां एका तालुक्यापुरतें उरलें आहे. आणि इतिहासग्रंथांतही बागलाण येतें तें बहुधा मोठ्या सत्तांच्या स्वारींतील एक मुक्काम म्हणून. तो देश स्वतः कसा होता, हें उपलब्ध साधनांवरून पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

साधनें मुख्यतः तीन प्रकारचीं. पहिलें रुद्रकवीचें ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’. वीस सर्गांचें हें संस्कृत काव्य नारायणशहाच्या आश्रयानें शके १५१८ (इ. स. १५९६) मध्यें पुरें झालें. दुसरें, विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याचें इ. स. १६१० च्या सुमाराचें प्रवासवर्णन. तिसरे फारशी ग्रंथ : अबुल फजलचा ‘आईन-इ-अकबरी’ आणि अब्दुल हमीद लाहोरीचा ‘पादशाहनामा’.

देशाची रचना अशी. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सेलबारी व डोलबारी या डोंगरओळी पूर्वेस निघतात. मोसम व गिरणा या नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन मालेगांवाजवळ एकत्र होतात, व ते पाणी पुढें तापीस मिळतें. पश्चिमेस डांगचें रान व गुजराथ. मुल्हेर म्हणजे काव्यांतील मयूरगिरि, साल्हेर म्हणजे सालगिरि. साल्हेर सुमारें १५६७ मीटर उंच असून महाराष्ट्रांतील किल्ल्यांत तो सर्वांत उंच आहे. सुरतेचा माल दक्षिणेंत जाण्याच्या वाटा याच प्रदेशाच्या अंगावरून व कडेनें जात.

या देशांतील किल्ल्यांची संख्या ‘आईन’ सात देतो, ‘पादशाहनामा’ नऊ देतो, तर फिंच मुल्हेर व साल्हेर यांखेरीज ऐशीं लहान ठाणीं सांगतो. हे आकडे परस्परविरुद्ध भासतात. पण आमच्या मतें प्रत्येकानें निराळी वस्तु मोजली आहे. अबुल फजल नांवाजलेले गड मोजतो, लाहोरी जिंकून ताब्यांत आलेले गड मोजतो, आणि व्यापारी ज्या ज्या खिंडींत अडविला जाईल ती प्रत्येक जागा मोजतो. राज्याचें खरें स्वरूप या तिसऱ्या मोजणींत दिसतें. अकबरानें सात वर्षें वेढा घातला, पण अखेरीस व्यापाऱ्यांना निर्धास्त वाट मिळावी म्हणून राजालाच गांवें देऊन तडजोड केली, अशी हकीकत फिंच देतो. ती ऐकीव असेल. तथापि वाटा राखणें हाच या राज्याचा मुख्य कारभार होता, हें तिच्यावरून उघड होतें. मुल्हेरास महमुदी नाणें पाडलें जाई, तेंही याच व्यापारासाठीं.

राजकुल बागुल राठोडांचें. काव्य त्याचा संबंध कनोजाशीं जोडतें. ‘पादशाहनामा’ हें राज्य चौदाशें वर्षांचें म्हणतो. इ. स. १६३८ मधून १४०० वजा केल्यास २३८ येतात. इतक्या मागें या कुळाचें राज्य नेण्यास आधार नाहीं. लाहोरीनें घराण्याची स्वतःविषयींची समजूतच उतरून घेतली असावी. बलाढ्य शेजाऱ्यांशीं वागण्याची या राजांची रीतही लक्षांत घेण्याजोगी आहे. इ. स. १५७३ मध्यें भारजी राजानें बंडखोर शरफुद्दीन हुसेन मिर्झा यास अकबराच्या स्वाधीन केलें. पुढें प्रतापशहाच्या वेळीं त्याच रुद्रकवीनें खानखानान व जहांगीर यांचीं चरितें संस्कृतांत रचिलीं. गडाप्रमाणें कवीची लेखणीही राज्यरक्षणास लागत असे.

परंतु त्या ऐशीं ठाण्यांवर पहारा कोणाचा? या डोंगरांत आज भिल्ल व कोकणा, खोऱ्यांत कुणबी व इतर शेतकरी राहतात, आणि अहिराणी बोली घाटाच्या दोन्ही अंगांस ऐकूं येते. खिंडी ज्यांच्या पायाखालच्या, त्यांच्यावांचून त्या राखल्या जाणें शक्य नव्हतें. पण राजवंशाच्या काव्यांत त्यांचीं नांवें शोधणें व्यर्थ होय.

इ. स. १६३८ मध्यें औरंगजेबाच्या सैन्यानें मुल्हेरास वेढा दिला. भारजी शरण आला व त्यास सुलतानपूर परगणा मिळाला. चौतीस परगणे व एक हजार एक गांवें मोंगलांच्या दप्तरांत दाखल झालीं. इ. स. १६७१ मध्यें साल्हेर शिवछत्रपतींनीं घेतला. बागुलांचें राज्य मात्र परत उभें राहिलें नाहीं.

बाल्कन द्वीपकल्पांतील मॉण्टिनिग्रो हाही तुर्क व व्हेनिस यांच्या कचाट्यांतील असाच डोंगरी देश. इ. स. १८७८ मध्यें त्याच्या स्वातंत्र्यास मान्यता मिळाली, इ. स. १९१८ मध्यें तो सर्बियांत विलीन झाला, व इ. स. २००६ मध्यें पुन्हा स्वतंत्र झाला. तेथें इ. स. १४९४ मध्येंच छापील ग्रंथ निघाला होता. आमचें काव्य मात्र ३२१ वर्षें पोथींतच राहून इ. स. १९१७ मध्यें बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापलें गेलें. राज्यें कां टिकतात याचें हें संपूर्ण उत्तर नव्हे. स्मृति कशानें टिकते याचें मात्र आहे.

पिंपळनेर, मुल्हेर, सटाणें या बाजूंच्या घरांत वतनाचे कागद, वह्या, पोथ्या असतील तर त्या वाळवीच्या आधीं संग्राहकांच्या हातीं याव्यात. राजांचीं नांवें आपणांस मिळालीं आहेत; खिंडी राखणाऱ्यांचीं मिळालीं तर याच कागदांत मिळतील.