शिखरे आणि पाणी



उंच जागेविषयी माणसाला दोन भावना वाटत आल्या आहेत. एक भक्तीची आणि दुसरी भयाची. माण तालुक्यातील शंभू महादेवाच्या स्थानाला आपण नुसते 'शिखर शिंगणापूर' म्हणतो. सज्जनगडावर १६७६ पासून १६८२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, समर्थ राहिले. ही भक्ती झाली. परंतु आज आम्ही उंचीचा विचार करणार आहोत तो इतिहासाच्या अंगाने.

केवळ मापाने पाहिले तर सह्याद्री फार उंच नव्हे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर भरते, आणि महाबळेश्वरचा माथा सुमारे १,४४० मीटर. हिमालयातील एव्हरेस्टची उंची २०२० मध्ये ८,८४८.८६ मीटर जाहीर झाली. त्यापुढे आमचे डोंगर म्हणजे टेकड्याच! तरीही दिल्लीच्या बादशहाला ह्या टेकड्यांनी वर्षानुवर्षे अडकवून ठेवले. ते कसे?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ह्याचे उत्तर मिळते. किल्ला बांधण्यापूर्वी आधी पाणी पाहावे, आणि गडासमोर गडावर मारा करता येईल असा दुसरा डोंगर असू देऊ नये, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे नुसती उंची कामाची नाही. पाणी नसलेला कडा हा किल्ला नव्हे.

साताऱ्याच्या किल्ल्याची कथा पाहा. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः येथे तळ देऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी सुरुंग पेरले, पण एका स्फोटाने तट बाहेरच्या बाजूस कोसळला आणि मोगलांचीच माणसे त्याखाली गाडली गेली. अखेर एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडला. त्याआधी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले होते. बादशहाने किल्ल्याला 'आझमतारा' नाव दिले. ते टिकले नाही. आपण त्याला अजिंक्यतारा म्हणतो.

दुसऱ्या नियमाची साक्ष वासोटा देतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढविल्या, आणि घनदाट जंगलात दडलेला हा दुर्गम गड थोडक्याच मुदतीत हाती आला. गडांचे युग तेथे संपले म्हटले तरी चालेल.

वस्तुतः उतरणीस आरंभ आधीच झाला होता. १७०८ मध्ये साताऱ्यास अभिषेक झालेल्या शाहू महाराजांनी पुढे किल्ल्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसविले. राज्य अटकेकडे निघाले, आणि राजधानी मात्र डोंगरावरून खाली आली! १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी सांगलीस गादी मांडली, तीही कृष्णाकाठच्या सपाटीवर. त्यांचा गणेशदुर्ग भुईकोटच होय. व्यापाराला, बाजाराला, शेतीला सपाटीच लागते.

मग शिखरे ओस पडली काय? नाही, त्यांचा धनी बदलला. १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा इंग्रजांनी घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव दिले. जेथे पूर्वी पहारे बसत, तेथे साहेबांचे बंगले उभे राहिले.

परंतु उंचीचा खरा व्यवहार पाण्याचा आहे, आणि तो कोणत्याही राजाने बदलला नाही. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा कऱ्हाडला कोयनेस भेटते, हरिपूरला वारणेस, आणि सांगलीपाशी पोचेपर्यंत सुमारे ५५० मीटरांवर येते. माथ्यावर वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आटपाडी आणि जत त्याच्या अल्पांशाला तरसतात. २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीने पूर पाहिला, आणि २०२१ च्याच जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे डोंगरच वस्तीवर आला.

ह्या उताराला आम्ही कामास जुंपले आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीस पश्चिमेकडे पाडून वीज काढतो, आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ येथे त्याच कृष्णेचे पाणी पंपांनी पुन्हा वर चढवून दुष्काळी गावांस देतो. एकीकडे पाणी पाडून वीज, दुसरीकडे वीज खर्चून पाणी वर! हा हिशेब हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वरच्या गावाने जमीन दिली, मधल्याने पूर सोसला, आणि शेवटच्याच्या वाट्यास पाणी किती, हाच आजचा खरा प्रश्न होय.

आज्ञापत्रकारांनी गडासाठी जी परीक्षा सांगितली, तीच आम्हांस साऱ्या मुलखाला लावावीशी वाटते. आधी पाणी पाहावे. आज जे माथे आम्ही पर्यटनाला देतो, जेथे झाडे तोडतो, रस्ते कोरतो, त्यांच्या पायथ्याशी कोण राहतो हेही विचारावे. अजिंक्यताऱ्यावर चढणाऱ्या तरुणांनी दरवाजातून शहराकडे एकदा तरी ह्या नजरेने पाहिले, तर आजच्या सभेचे सार्थक झाले असे आम्ही मानू.