वळीव आणि अवकाळी

आपल्या बेळगाव भागातील चैत्र-वैशाखाचे वर्णन एका शब्दात करता येत नाही. दुपारी अंगाची लाही व्हावी, चारच्या सुमारास आभाळ काळवंडावे, धुळीचा लोट उठावा, गारा कोसळाव्यात आणि दिवेलागणीला घोंगडे ओढून घ्यावेसे वाटावे, हे सारे एकाच दिवसात घडते. या पावसाला आपण वळीव म्हणतो. शेजारचा कानडी शेतकरी त्याला अड्डमळी म्हणतो. पठार तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा वर उसळते आणि उंच ढगांतून पाऊस एखाद्याच शिवारावर कोसळतो. बांधापलीकडे थेंबही पडत नाही.

आमच्या आजोबांच्या पंचांगांच्या समासात नक्षत्रवार पावसाच्या नोंदी असत. त्या चाळताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वळवाने त्यांना धान्य दिले नाही. त्याने जमीन उघडून दिली. बेळगाव-खानापूरकडे त्याच ओलीवर नांगरट होते आणि रोहिणीच्या सुमारास भाताची धूळवाफेची पेरणी साधते. पूर्वेकडे अथणी-सौंदत्तीच्या काळ्या रानात मात्र शाळूची भिस्त भाद्रपद-आश्विनातील पावसावर. एकाच जिल्ह्यात पोटाची दोन वेळापत्रके!

१८७६ साली नेमका हा शेवटचा पाऊस गेला. रब्बी उभी राहिली नाही आणि १८७७ चा उन्हाळा माणसे व जनावरे यांच्यावर काळ बनून आला. शेजारच्या तत्कालीन कलादगी जिल्ह्याची (आजचे विजापूर-बागलकोट) लोकसंख्या १८७२ मध्ये सुमारे ८ लाख १६ हजार होती. १८८१ मध्ये ती ६ लाख ३८ हजारांवर आली. किती मेले आणि किती देशोधडीला लागले, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. सरकारने १८७८ मध्ये दुष्काळ आयोग नेमला. पुढे दुष्काळ-संहिता आली. घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा उभा राहिला तोही त्याच शतकाच्या अखेरीस.

१९७२ चा दुष्काळ आमच्या घराने जत भागातील नातेवाइकांच्या तोंडून ऐकला. खडी फोडलेले हात आणि मिलो ज्वारीची भाकरी, एवढ्यावर त्यांची गोष्ट संपे. अलीकडे तर एकाच वर्षात दोन्ही टोके दिसतात. २०१९ च्या मे महिन्यात चिकोडी-अथणीकडे कृष्णा कोरडी पडली, कोयनेचे पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राकडे मागणी झाली. आणि ऑगस्टमध्ये त्याच नदीने तीच गावे बुडवली.

हल्ली बातम्यांतून उन्हाळ्यातील प्रत्येक सरीला ‘अवकाळी’ म्हणतात. हे मला खटकते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात आणि लगतच्या उत्तर कर्नाटकात उभ्या पिकांवर गारांचा खच पडला, तो खरा अवकाळी. वैशाखातला वळीव नुकसान करील, पत्रे उडवील, आंबा झाडील; पण तो वेळेवर आलेला असतो. हा भेद पुसला, तर ऋतू खरोखर किती बदलला हे मोजायचे कशाने?

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीची साफसफाई करताना जुनी पंचांगे रद्दीत घालू नका. समासातील अक्षर मोडी असो, बाळबोध असो की कानडी. घरातील वडीलधाऱ्यांकडून ते वाचून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा. सरकारी पर्जन्यमापक तालुक्याचा पाऊस सांगतो. आपल्या शिवारात तो कोणत्या दिवशी पडला, हे त्या समासातच सापडेल.