पुसलेल्या फिती, उरलेली पाने

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. त्याचे दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले, वयाची पंचविशीही न गाठलेले वारिस हुसेन. पुढच्याच वर्षी ‘मार्को पोलो’ या सात भागांच्या कथेतील सहा भाग त्यांनी दिग्दर्शित केले. त्या कथेचा ध्वनी आज ऐकता येतो, काही स्थिरचित्रेही आहेत. हलते चित्र मात्र एकाही भागाचे उरलेले नाही.

कारण अगदी हिशेबी होते. ध्वनिचित्रफीत महाग, पुन्हा वापरता येण्याजोगी. जुने कार्यक्रम पुन्हा दाखवण्याचे करारही मर्यादित. बीबीसीने फिती पुसल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म-प्रतीही पुढे नष्ट केल्या.

त्याच काळात या मालिकेचे एक भावंड कागदावर वाढत होते. नोव्हेंबर १९६४ पासून ‘टीव्ही कॉमिक’ या साप्ताहिकात डॉक्टरची चित्रकथा येऊ लागली. तिच्यात त्याच्यासोबत जॉन आणि जिलियन ही दोन नातवंडे होती, जी मालिकेत नव्हतीच! मालिकेतील सर्वांत गाजलेले खलनायक, म्हणजे डॅलेक, मात्र सुरुवातीला या पानांवर येऊ शकले नाहीत, कारण त्यांच्या चित्रकथेचे हक्क दुसरीकडे गेले होते. जानेवारी १९६५ मध्ये निघालेल्या ‘टीव्ही सेंच्युरी २१’ या साप्ताहिकात (त्याच्या अंकावर तारीख छापली जाई ती चक्क २०६५ सालची) डॅलेकांची स्वतंत्र कथा १०४ आठवडे चालली. एकीकडे डॅलेकांविना डॉक्टर, दुसरीकडे डॉक्टरविना डॅलेक!

या दुसऱ्या कथेची सुरुवात विशेष लक्षणीय आहे. उल्कापातामुळे साठवलेल्या न्यूट्रॉन बॉम्बचा स्फोट होतो, स्कारो ग्रह उजाड होतो आणि किरणोत्साराने विकृत झालेला एक जीव युद्धयंत्रात शिरतो. क्युबाचा अण्वस्त्रसंघर्ष तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांमागचा होता. मुलांच्या साप्ताहिकात ती भीती रंगीत होऊन अवतरली होती.

साप्ताहिके रद्दीत जाण्यासाठीच जन्मतात. १९९२ मध्ये मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेने ‘डॉक्टर हू क्लासिक कॉमिक्स’ हे पुनर्मुद्रणाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले, म्हणून ही जुनी पाने नव्या पिढीच्या हाती आली. १९९४ पर्यंत त्याचे २७ अंक निघाले. डॅलेकांची चित्रकथाही त्याच प्रकाशनाने १९९४ मध्ये विशेषांकरूपाने एकत्र छापली. मूळच्या कृष्णधवल पानांना नियतकालिकाने जे नवे रंग चढवले, ते इतिहासाच्या दृष्टीने उपरेच म्हणावे लागतील.

हरवलेल्या भागांची ही प्रतिकृती नव्हे. चित्रकथांची कथानके वेगळीच होती. १९७५ मध्ये दूरचित्रवाणीने डॅलेकांची जन्मकथा नव्याने रचली आणि त्यांचा निर्माता म्हणून डाव्हरोस हा शास्त्रज्ञ उभा केला. दहा वर्षे आधीच्या चित्रकथेत मात्र तो मान यार्व्हेलिंग नावाच्या संशोधकाचा होता, आणि पुनर्मुद्रित पानांवर तो तसाच राहिला.