भामहाचं पुढचं वाक्य

सर दोन महिन्यांसाठी लेकीकडे शारजाला आले आहेत. पुण्यात तीसेक वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले आणि चहाच्या बाबतीत अतिशय कडक. शनिवारी अल नहदाला त्यांच्या घरी गेलो होतो. चारच्या सुमारास उठायला लागलो, तर म्हणाले, "एवढी घाई कुठे?" म्हटलं, बर दुबईला एका छोट्या प्रकाशनाची कवितेची कार्यशाळा आहे, पुढच्या महिन्यात त्यांची कथास्पर्धाही आहे. सरांनी बिस्किट बशीत परत ठेवलं. "म्हणजे कवितेचंही आता इथल्या ड्रायव्हिंग लायसन्ससारखंच? तास भरले की परीक्षा?"

हसून निघालो. चांगलं उत्तर नेहमी जिना उतरल्यावर सुचतं. मला ते ग्रीन लाइनच्या मेट्रोत सुचत गेलं.

सरांचं मत एकट्या सरांचं नाही. कवी जन्मावा लागतो, कार्यशाळा हे अमेरिकेतून आलेलं खूळ आहे आणि स्पर्धा म्हणजे बक्षिसाच्या रकमेवर साहित्य तोलणं, असं मराठीत बहुतेक सगळे म्हणतात. त्यात आखाती देश असला की आणखी एक शेपूट जोडलं जातं: तिकडे पैसा आहे आणि शनिवार रिकामा आहे, म्हणून चाललंय.

या मताच्या पाठीशी मोठी माणसं आहेत, हे आधी मान्य करतो. संस्कृत काव्यशास्त्रकार भामहाने 'काव्यालंकारा'च्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय, की गुरूने शिकवलं तर मंदबुद्धीचा माणूसही शास्त्र शिकेल, पण काव्य मात्र एखाद्याच प्रतिभावंताला, कधीतरीच होतं. आपल्याकडची सगळी 'जन्मावा लागतो' मंडळी नकळत भामहाच्याच खांद्यावर उभी आहेत. अडचण एवढीच, की ती तिथेच थांबतात. भामह थांबत नाही. मोजक्या श्लोकांनंतर तोच सांगतो, की शब्द आणि अर्थ नीट जाणून घ्या, जाणकारांची उपासना करा, इतरांच्या रचना पाहा आणि मग काव्याला हात घाला. जाणकारांची उपासना करायची म्हणजे त्यांच्यापाशी बसायचं. बर दुबईच्या त्या खोलीत आम्ही नेमकं हेच करतो, फक्त फी दिरहममध्ये असते.

नंतरच्या काव्यशास्त्रकार मम्मटाने तर वादाला जागाच ठेवली नाही. शक्ती, निपुणता आणि काव्यज्ञांच्या शिकवणीने केलेला अभ्यास, असे तीन घटक तो सांगतो आणि तिघांना मिळून 'हेतु' हा शब्द एकवचनात वापरतो. पुढच्या स्पष्टीकरणात त्याने स्वतःच या एकवचनावर मुद्दाम बोट ठेवलं आहे. ही तीन वेगवेगळी कारणं नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण होतं. म्हणजे प्रतिभा आहे म्हणून शिकवणी नको, हा पर्याय मम्मटाकडे उपलब्धच नाही.

अमेरिकन खुळाचं म्हणाल, तर आयोवाची कार्यशाळा 1936 ची. काश्मिरातला क्षेमेंद्र अकराव्या शतकातला. त्याचं 'कविकण्ठाभरण' हे चक्क कार्यशाळेचं हस्तपुस्तक आहे. नवशिक्याने आधी अर्थाची फिकीर न करता नुसते शब्द भरून वृत्त हाताखालून घालवावं, मग जुन्या श्लोकातले शब्द बदलून पाहावेत, दुसऱ्याच्या अपुऱ्या श्लोकाचे चरण पुरे करावेत, असे स्वाध्याय त्यात आहेत. शिष्यांची प्रतवारीही आहे: थोड्या कष्टाने जमणारा, फार कष्टाने जमणारा आणि अजिबात न जमणारा. गाढवाला कितीही शिकवलं तरी ते गाणार नाही, हे क्षेमेंद्रालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने शाळा बंद केली नाही.

पण मला सगळ्यांत जवळचा राजशेखर. (पणजोबांना 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणणारा, त्यामुळे आपलाच.) 'काव्यमीमांसे'त तो कवीचा दिवस प्रहरांत वाटून देतो. सकाळी अध्ययन, मग रचना, जेवणानंतर काव्यगोष्ठी आणि चौथ्या प्रहरी सकाळी लिहिलेल्याची तपासणी, एकट्याने किंवा मोजक्या लोकांत. कारणही देतो: रचनेच्या आवेशात असताना पारखणारी नजर जागी नसते. कार्यशाळेचं याहून नेमकं समर्थन मी कुठे वाचलेलं नाही. तिथे कुणी प्रतिभा वाटत नाही. तिथे चौथा प्रहर मिळतो.

परक्या मुलुखात दुर्मीळ असतो तो हाच. गावी असताना हा चौथा प्रहर फुकट मिळायचा. कट्ट्यावर कुणीतरी तोंडावर सांगायचं, की हे आधी अमक्याने लिहिलंय. 'सत्यकथे'चे राम पटवर्धन लेखकांना पत्रांतून कथा पुन्हा लिहायला लावत. ती टपालाने चाललेली कार्यशाळाच होती, फक्त तिला तसं कुणी म्हणत नव्हतं. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती कुणासाठी? जन्मजात गझलकारांना बाराखडी लागत नाही. इथे मात्र कविता मंडळाच्या कार्यक्रमात वाचली जाते, टाळ्या पडतात आणि जेवणाची रांग लागते. 2010 चं विश्व मराठी साहित्य संमेलन दुबईतच भरलं, अध्यक्ष मंगेश पाडगावकर होते. संमेलनाने माणसं जोडली जातात, पण तिथे कुणी तुमची ओळ खोडत नाही. ते त्याचं कामही नव्हे.

आणि ज्या मातीवर राहून आपण 'शिकून कविता येत नाही' म्हणतो, त्या मातीचा अनुभव काय? जुन्या अरबी परंपरेत कवी होण्याआधी माणूस 'रावी' व्हायचा. म्हणजे एखाद्या कवीच्या कविता पाठ करून त्या लोकांना ऐकवणारा. झुहैर हा औस इब्न हजरचा रावी होता आणि झुहैरच्या हाताखाली हुतैअ तयार झाला. झुहैर एका कवितेवर वर्षभर हात फिरवायचा अशी ख्याती. असमईसारख्या पारख्याने या मंडळींना 'कवितेचे गुलाम' म्हटलं. त्यात थोडं कौतुक असेल, थोडा टोमणाही. अबू नुवासची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. त्याने खलफ अल अहमरकडे कविता करायची परवानगी मागितली. उत्तर मिळालं, आधी हजार जुन्या रचना पाठ कर. त्या पाठ करून आला, तर म्हणाले, आता विसर. आपल्या तुकोबांनीही सुरुवातीला संतांची वचनं पाठ केली, असं स्वतःच सांगितलं आहे. बहिणाबाई चौधरींचं नाव या वादात हटकून घेतलं जातं, की त्या कुठल्या शिबिराला गेल्या होत्या? शिबिराला नाही, जात्यावर गेल्या होत्या. पिढ्यान् पिढ्या बायकांनी समोरासमोर बसून घडवलेली ओवी त्यांच्या कानात होती.

आजचं पाहायचं तर अबू धाबीतून चालणाऱ्या अरबी कादंबरीच्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराकडे पाहा. 2008 पासून तो दिला जातो, आणि 2009 पासून त्याच्या जोडीने नव्या लेखकांसाठी 'नदवा' भरते. थोडे लेखक एकत्र राहतात, लिहितात, एकमेकांचं वाचून बोलतात. पहिल्या नदवेत मोहम्मद हसन अल्वान होता, 2017 ला तो पुरस्कार त्याला मिळाला. 2012 च्या नदवेत अहमद सअदावी होता. 2014 ला 'फ्रँकेनस्टाइन इन बगदाद'साठी पुरस्कार त्याचा. नदवेने यांना कादंबरीकार केलं असं मी म्हणत नाही. अल्वानची पुस्तकं आधीच आली होती. मी एवढंच म्हणतो, की कार्यशाळेने लेखक एका साच्याचे होतात हा आक्षेप या दोघांच्या कादंबऱ्या शेजारी ठेवून एकदा करून पाहावा. एकीत इब्न अरबी, दुसरीत बगदादच्या स्फोटांतले अवयव शिवून केलेलं भूत.

आता स्पर्धा. 'मिलियन्स पोएट' या अबू धाबीच्या टीव्ही स्पर्धेवर आपण हसतो, कारण नावातच रक्कम आहे. 2010 मध्ये त्याच मंचावर हिस्सा हिलाल नावाची सौदी कवयित्री नखशिखान्त बुरख्यात उभी राहिली आणि कट्टर फतव्यांविरुद्ध नबाती, म्हणजे बोली अरबीतली कविता म्हणून गेली. जिवाच्या धमक्या आल्या, तरी ती अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि तिसरी आली. तो मंच नसता तर ती कविता कितीजणांनी ऐकली असती?

स्पर्धा चूक निकाल देते हेही खरं. सोफोक्लीसच्या 'इडिपस'ला पहिलं बक्षीस मिळालं नव्हतं, असं परंपरा सांगते. पण स्पर्धेचं मुख्य देणं निकाल नव्हे, तारीख. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 'रंगायन'ने 1967 साली उभं केलं ते राज्य नाट्य स्पर्धेसाठी. तारीख जवळ येते आणि माणूस लिहून पुरं करतो. दुबईच्या साहित्य महोत्सवातली माँतेग्राप्पा स्पर्धा अप्रकाशित कादंबरीची सुरुवात मागवायची. 2013 ला ती जिंकलेल्या दुबईकर अ‍ॅनाबेल कँटारियाची 'कमिंग होम' पुढे लंडनहून निघाली. इथे बारा तास नोकरी करणाऱ्याला प्रेरणेपेक्षा अशी तारीख जास्त उपयोगी पडते.

आक्षेपातला एक भाग मात्र मी खोडणार नाही. 'तुमची कविता निवडली गेली आहे' असा निरोप येतो आणि खाली लहान अक्षरात असतं, की संग्रहाच्या वीस प्रती घ्याव्या लागतील. मीही एकदा घेतल्या आहेत. त्यांतल्या सोळा अजून कपाटावर आहेत. अशा स्पर्धेत कुणी हरत नाही, हीच तिची ओळख. परीक्षक कोण, किती लेखन परत गेलं, निवड झाल्यावर पैसे लेखकाला मिळतात की लेखकाकडून घेतात, एवढं विचारलं की माल कळतो. पण त्यावरून कार्यशाळाच खोटी ठरवायची, तर भोंदू वैद्य आहेत म्हणून आयुर्वेदही सोडावा लागेल.

त्या शनिवारी आम्ही नऊजण होतो. 2022 मध्ये इथली सुट्टी शुक्रवारवरून हलली, तेव्हापासून बैठक शनिवारी असते. जेबेल अलीच्या गोदामात काम करणारा सांगलीकडचा एक मुलगा पहिल्यांदाच आला होता. त्याच्या कवितेत वाळवंटी मन होतं आणि आठवणींचा चंद्र होता. दोघांनी "वा" केलं. चालवणाऱ्या ताईंनी विचारलं, "चंद्र राहू दे. तू राहतोस तिथे काय दिसतं?" तो ओशाळला. म्हणाला, बेडस्पेस आहे, सहाजण. गॅलरीत एसीच्या नळीचं पाणी बादलीत पडतं, ते मी कढीपत्त्याला घालतो. "आणि?" आणि आई फोनवर विचारते, तिकडे पाऊस झाला का. "तू काय सांगतोस?" "झाला म्हणतो."

खोलीत कुणी काही बोललं नाही. ताईंनी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला.

पुढच्या शनिवारी त्याने आणलेला खर्डा मी त्याला विचारून सोबत घेतला आणि रविवारी सरांना दाखवला. कार्यशाळेतला आहे हे सांगितलं नाही. सरांनी चष्मा लावून दोनदा वाचला. बादली, कढीपत्ता, आईचा प्रश्न, 'झाला'. मग शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तिथे त्याने डोळे भरून आल्याचं लिहिलं होतं.

"हे कशाला?" सर म्हणाले. "आधीच झालंय की." आणि खिशातलं पेन काढून त्यांनी ती ओळ खोडली.