लिनक्स लॅपटॉपवरील वायफाय : अडते नेमके कुठे?

लिनक्स बसवलेल्या लॅपटॉपवर वायफाय चालत नाही, ही तक्रार एकच. तिची कारणे मात्र वेगवेगळ्या थरांत दडलेली असतात. तळाशी चिप, त्या चिपमध्येच चालणारे फर्मवेअर, मग कर्नलमधला ड्रायव्हर, त्यावर पासवर्डची पडताळणी करणारा डब्ल्यूपीए सप्लिकंट आणि सर्वांत वर आपल्याला दिसणारा नेटवर्क मॅनेजर. पडद्यावर दिसते ते या सर्वांत वरच्या थराचे बोलणे. म्हणून निदान खालून वर करत जावे. चिपच जागी झाली नसेल तर पासवर्ड कितीदा टाकला तरी उपयोग नाही.

ब्रॉडकॉमची बीसीएम ४३११ ही चिप उदाहरण म्हणून घेऊ. ‘एलएसपीसीआय’ कमांडला ‘-एनएन’ जोडून चालवली की १४ई४:४३११ असा क्रमांक दिसतो. पहिला भाग कंपनीचा, दुसरा चिपचा. लॅपटॉपच्या मॉडेलवरून चिप ठरवू नये. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत कार्डे वेगळी असू शकतात. पुढे ‘आरएफकिल’ चालवावी. तिथे ‘हार्ड ब्लॉक’ दिसला तर कमांडने काही होणार नाही, लॅपटॉपवरचे वायफायचे बटण शोधावे लागते.

खरी गाठ फर्मवेअरपाशी बसते. ब्रॉडकॉमने या चिपचे तपशील दिले नव्हते. तेव्हा एका गटाने कंपनीच्या ड्रायव्हरचा अभ्यास करून चिपचे वर्तन लिहून काढले, आणि दुसऱ्या गटाने मूळ कोडकडे न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कॉपीराइटचा भंग होऊ नये म्हणून घेतलेली ही दक्षता. तो ड्रायव्हर २००६ साली कर्नल २.६.१७ मध्ये आला. त्याचा वारसदार बी४३ जानेवारी २००८ मध्ये, २.६.२४ सोबत. संगणकशास्त्रातल्या चिकाटीच्या कामांत मी याला फार वरचे स्थान देतो.

ड्रायव्हर मोकळा झाला, फर्मवेअर कंपनीचेच राहिले, आणि ते इतरांनी वाटायला परवानगी नाही. म्हणून डेबियन या लिनक्स वितरणाच्या पॅकेजमध्ये ते नसतेच. पॅकेज इंटरनेटवरून कंपनीची फाइल उतरवते आणि ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ त्यातून फर्मवेअर कापून काढतो. म्हणजे वायफाय सुरू करायला आधी इंटरनेट हवे. लॅन केबल नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करावे. लिनक्सला तो फोन वायरच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर बहुधा कर्नलसोबतच आलेला असतो.

इंटेलचे फर्मवेअरही बंदिस्तच आहे. परंतु ते वाटायला मुभा असल्याने ते वितरणांसोबत येते, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून तर इन्स्टॉलेशनच्या माध्यमातच असते. ४३११ला त्या बदलाचा लाभ मिळाला नाही. लिनक्सला वायफाय जमत नाही, हा आरोप मला यामुळेच अन्यायाचा वाटतो : इथे अडते ते ज्ञानावाचून नव्हे, परवान्यावाचून.

ब्रॉडकॉमचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरही बसवला असेल तर तो आणि बी४३ एकाच चिपवर हक्क सांगतात. एकाला ब्लॅकलिस्ट करावे.

एवढे होऊनही घरचेच नेटवर्क यादीत येत नसेल, तर राउटरचा चॅनेल पाहावा. भारतात १३व्या चॅनेलला परवानगी आहे. अमेरिकेसाठी ठरवलेले कार्ड मात्र ११च्या पुढे जात नाही. राउटर १, ६ किंवा ११ वर आणला की नेटवर्क दिसू लागते.