पात्राचा राहण्याचा पत्ता

कथा-कादंबरी वाचताना लोक नायकाचं धैर्य आणि नायिकेचे डोळे बघतात. मी आधी विचारतो, हा गृहस्थ राहतो कुठे आणि भाडं कोण भरतं? बँकेत वर्षानुवर्षं घरकर्जाचे अर्ज तपासल्यावर माणसाला दुसरं काही सुचत नाही. अर्जात नावाखाली पत्ता असतो आणि त्यापुढे 'स्वतःचे की भाड्याचे?' हा रकाना. लेखकांनी हा रकाना भरल्याशिवाय पात्राला पहिलं वाक्य बोलू देऊ नये, असं एका बी. कॉम. माणसाचं नम्र मत आहे.

कारण मुंबईत माणसाआधी घराला इतिहास असतो. 1896 साली प्लेग आला आणि दोन वर्षांनी सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. 1920 नंतर बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. खोली साधारण 160 चौरस फुटांची! आता अशा खोलीत नाटककाराने एकत्र कुटुंब घालायला हरकत नाही. पण सून रुसून 'आतल्या खोलीत निघून जाते' असं लिहायचं असेल, तर आतली खोली त्याने स्वखर्चाने बांधून द्यावी. पुढे 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि जुन्या जागांची भाडी 1940 च्या आकड्यावर गोठली. भाडं थांबलं आणि पागडी पळू लागली. म्हणून गिरगावात दोन खोल्यांत राहणारा कारकून अगदीच खोटा नव्हे. फक्त त्याच्या आजोबांनी वेळेवर मुंबई गाठलेली हवी. आजोबा रत्नागिरीहून पंधरा वर्षं उशिरा निघाले, की नातू डोंबिवलीत जन्मलाच म्हणून समजा.

ज्यांनी हा हिशेब चोख ठेवला, त्यांना गोष्ट शोधत हिंडावं लागलं नाही. पु. लं.च्या 'बटाट्याची चाळ'मध्ये (1958) पत्ता हेच मुख्य पात्र. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई'त (1970) नव्या जोडप्याला घरात एकांत मिळत नाही, एवढ्यावर सबंध चित्रपट उभा राहिला. दोनच वर्षांनी बासू चटर्जींनी तो 'पिया का घर' म्हणून हिंदीत नेला; अडचण राष्ट्रभाषेतही तितकीच समजली. 'घरोंदा'त (1977) दोन नोकरदार प्रेमिक पै-पै साठवून फ्लॅटसाठी पैसे भरतात आणि बिल्डर ते घेऊन पसार होतो. प्रेमाचा पाया दोन हृदयांत असतो हे कवी सांगतात. मुंबईत तो प्लॉटवरही खणावा लागतो.

रंगमंचावर मात्र कित्येक वर्षं निराळाच कारभार होता. नायकाचा पगार कारकुनाचा आणि दिवाणखान्यातून वर जाणारा जिना! वर काय आहे, हे प्रेक्षकांनी कधी विचारलं नाही आणि महापालिकेनेही नाही.

आमच्या बँकेतल्या हौशी मंडळींनी असंच एक नाटक घेतलं. नायक कारकून, घर दादरला, खिडकीतून समुद्र. मी त्याच्या पगारातून हप्ता वजा करून दाखवला. कर्ज फिटायला नायकाला पुढचे दोन जन्मही कारकुनाचेच घ्यावे लागत होते. दिग्दर्शकांनी नाइलाजाने त्याला ठाण्याला हलवला. तिथेही जमेना. कल्याण झालं, आसनगाव झालं, आणि अखेर नायक माझा शेजारी झाला. कसाऱ्याला!

तिथे नाटकच कोसळलं. कारण कसाऱ्याहून मुंबई गाठायला अडीच तासांहून अधिक लागतात. चौपाटीवर संध्याकाळी प्रेम करणारा नायक घरी केव्हा पोचणार? मध्यरात्रीच्या सुमारास सुटणारी लोकल पकडली, तर पोचेपर्यंत सकाळच्या पहिल्या गाडीची वेळ होत आलेली. दुसऱ्या अंकातला बाप-लेकाचा कडाक्याचा वादही गेला, कारण बाप घरी असतो तेव्हा मुलगा झोपलेला असतो. आमच्याकडे मुलांची उंची बाप आडवीच मोजतो. हे वाक्य मी सहज बोललो. तालमीत कुणी हसलं नाही. टिटवाळ्याचे आमचे कॅशियर उगाच चष्मा पुसत बसले. नाटक मात्र दादरलाच झालं. समुद्र झकास रंगवला होता.

माझी तक्रार एवढीच, की या शहराची गोष्ट सांगताना आमच्या पत्त्यावर कुणी येत नाही. मुंबईला पाणी पाजणारं तानसा धरण 1892 पासून आमच्या शहापूर तालुक्यात आहे, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही याच तालुक्यात आहेत. रेल्वे कसाऱ्याला 1861 साली आली आणि पुढे घाट चढून इगतपुरी गाठायला तिला 1865 उजाडलं. चढण 37 फुटांना एक फूट! अजूनही गाड्यांना मागून जोर द्यायला कसाऱ्यात जादा इंजिनं जोडतात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. घाट संपला की त्यांना सोडवतात, गाडी नाशिककडे निघून जाते आणि बँकर मुकाट्याने खाली उतरतात.

माझंही काम तेच. दिवसभर दुसऱ्यांचे फ्लॅट मंजूर होईपर्यंत मागून जोर लावायचा आणि रात्री सुटून कसाऱ्याला परत यायचं.